आक्काला आज जास्त आहे

साठीला टेकलेल्या बाईला उचलून कुणी परदेशात नेऊ नये, आणि नेलंच तर निदान त्या परदेशाला तिचा 'स्वदेश' तरी म्हणू नये. राजलक्ष्मीबाईंच्या बाबतीत लोकांनी दोन्ही केलं. नैरोबीहून विमान उतरल्यापासून जो भेटेल तो म्हणायचा, "वा वा, आलात ना शेवटी आपल्या घरी!" बाई हसून मान डोलवायच्या. मनात म्हणायच्या, कुणाच्या घरी? त्यांचा जन्म नैरोबीतला, रेल्वेच्या वसाहतीतला. हा देश त्यांनी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलेला, तोही नवऱ्याच्या मागे मागे फिरून. तेव्हा आपल्या घरी आले होते ते हौसेराव. बाई नुसत्या वाशीला आल्या होत्या.

वाशी तरी कुणाच्या ओळखीची होती म्हणा. सेक्टरांना नंबर, इमारतींना नंबर, आणि तिसऱ्या मजल्यावरचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट. हौसेरावांना खरं तर गावी जायचं होतं, साताऱ्याकडे, कोरेगावच्या पुढे. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून आयुष्य काढून रिटायर झाल्यावर मुलगी सुनयना इंग्लंडातून, लेस्टरहून, सारखी म्हणत होती, इकडे या. हौसेराव म्हणाले, "तिथं मरायला जागा हाय गं, पण बोलायला कोण हाय?" ते परत आले ते एकाच माणसासाठी, त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी. राजाबाई तिचं नाव, पण सारा गाव तिला आक्का म्हणायचा. आई लहानपणीच गेलेली. आक्काने या भावाला काखेत घेऊन दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली, स्वतःच्या ताटातलं त्याच्या तोंडात घातलं. बोटीवर चढताना तो म्हणाला होता, चार वर्षांत येतो. मधे दोनदा पाहुण्यासारखा येऊन गेला, कायमचा आला तो केस पांढरे करून. "आता शेवटपर्यंत तुझ्याजवळ," असं त्याने आल्या आल्या तिच्या पायाशी बसून सांगितलं.

पण राजलक्ष्मीबाईंना गाव झेपेना. पंधरवडाभर त्यांनी दात-ओठ आवळून काढला आणि मग एका दुपारी परसात बसून ढसाढसा रडल्या. नवऱ्याने काही म्हणायच्या आत आक्काच म्हणाली, "आरं, वाशी काय लंकंत हाय व्हय? राच्ची यष्टी धरली की सकाळच्या च्याला दारात. तिला सोसंल तिथं ऱ्हावा." मोठ्या मनाची बाई. असं हे वाशीचं ठरलं. ते बायकोच्या हट्टावर ठरलं हे हौसेरावांनी एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही, आणि बाईंना मात्र ते रोज आठवायचं.

मराठी बाईंना नवऱ्यानेच शिकवली होती. वडील रत्नागिरीचे, रेल्वेत गार्ड. आई बाळंतपणात गेली आणि शेजारच्या कांताबेनने पोर वाढवली. म्हणजे पहिली भाषा गुजराती, आयाबरोबर स्वाहिली, शाळेत इंग्रजी, आणि मराठी एवढीच की रात्री ड्यूटीवरून आलेले वडील विचारायचे, "जेवलीस का?" लग्नानंतर पहिल्याच सकाळी हौसेरावांनी स्वयंपाकघरात उभं राहून एकेक भांडं उचलून दाखवलं. ही परात, ही पळी, हे उलथणं, आणि हा मी, तुझा नवरा. नवी नवरी लाजून लाल झाली. तेव्हापासून त्या घरात मराठीच. नैरोबीच्या महाराष्ट्र मंडळात ते छाती फुगवून सांगत, "हिला बघा. आफ्रिकेत जन्मली, पण बोलती कशी? कोण म्हणंल साताऱ्याची न्हाई म्हणून?"

आणि खरंच, भांडणाची मराठी, स्वयंपाकाची मराठी, लाडाची मराठी, सगळी बाईंना यायची, कारण ती सगळी हौसेरावांच्या तोंडची होती. आजारपणाची मराठी मात्र त्या घरात कधी शिरलीच नाही. नैरोबीत माणसं आजारी पडायची ती इंग्रजीत. दवाखान्याची पाटी इंग्रजी, डॉक्टर इंग्रजी, आणि मरणाच्या दारात पोचली तरी ती 'सिरियस' व्हायची.

वाशीत आल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की आपली मराठी एका माणसाची आहे आणि इथे बोलणारी माणसं पुष्कळ आहेत. खालचा वॉचमन अर्धं हिंदीत बोलायचा. सोसायटीचे सेक्रेटरी अर्धं इंग्रजीत. शेजारच्या स्मिताचं तर विचारूच नका. ती ऑफिसात जाणारी, फटाफट बोलणारी मुलगी. "काकू, टेन्शन नका घेऊ, मी बोलते ना त्याच्याशी, बिनधास्त राहा," हे एका श्वासात म्हणून ती जिना उतरूनसुद्धा जायची, आणि बाई दारात उभ्या राहून ते वाक्य सोडवत बसायच्या.

एकदा तर कहर झाला. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेल्या तर तो फळ्या लावत होता. म्हणाला, "उद्या या ताई, दुकान वाढवलं." बाईंनी तोंडभरून अभिनंदन केलं, वर विचारलं, "बाजूचा गाळा घेतला का?" वाणी आधी बघतच राहिला आणि मग पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी सगळ्या सोसायटीला कळलं. घरी हौसेराव इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी समजावलं, "अगं लक्ष्मे, आपल्यात 'बंद केलं' म्हणत न्हाईत, 'संपलं' म्हणत न्हाईत. बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणायचं. वाईट शब्द घरात घ्यायचा न्हाई." बाईंना ते फार आवडलं. काय माणसं आहेत, म्हणाल्या, वाईटालासुद्धा नवं लुगडं नेसवतात.

नेसवतात खरी. पण लुगड्याच्या आत कोण आहे हे ओळखता यायला जन्म इथे काढावा लागतो, ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात आक्का न्हाणीघरात पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण अंथरूण धरलं आणि ताप चढला. हौसेराव धावत गेले, आठवडाभर उशाशी बसले. ताप उतरला, आक्का पेज प्यायला लागली आणि तिनेच त्यांना हाकललं, "जा, बायकू एकली हाय तिकडं." ते परत आले, पण जीव तिकडेच. घरात फोन नव्हता. अर्ज केलेला, नंबर लागायचा होता. तोवर स्मिताचा फोन पी.पी. म्हणून दिलेला. आक्काचा मुलगा इंद्रजित कोरेगावला एसटीडी बूथवर येऊन फोन करायचा आणि स्मिता दारावर थाप मारायची, "काका, साताऱ्याहून!"

आदल्या दिवशी फोन आला तेव्हा इंद्रजितने सांगितलं होतं, "थोडं बरं हाय. दोन घास भात खाल्ला." तरी हौसेरावांना राहवेना. त्यांनी पिशवी भरली. रात्रीची एसटी धरून सकाळी आक्कापुढे जाऊन उभं राहायचं. दुपारी ते मार्केटात गेले, तिच्यासाठी हापूस बघायला. आंब्यांचे दिवस होते आणि घाऊक बाजारात फिरून, दहा पेट्या हुंगून, अकरावी नाकारून येणं हा त्यांचा वाशीतला एकमेव आनंद होता.

ते गेले आणि स्मिता दारात आली. सुट्टीचा दिवस असल्याने घरीच होती. "काकू, फोन! लवकर, लाईन खूप खराब आहे."

बाई पदर सावरत गेल्या. फोनमध्ये भजी तळल्यासारखा आवाज होता. त्यातून इंद्रजित ओरडत होता.

"मामी, मामा हायेत का?"

"ते मार्केटला गेलेत रे. आक्का कशा आहेत?"

"आईला आज जास्त हाय. मामांस्नी सांगा, जास्त हाय म्हणावं."

काल थोडं बरं होतं. आज जास्त आहे. थोडं आणि मग जास्त. यात न कळण्यासारखं काय होतं? पहिलीतल्या पोरालाही कळेल असा तो हिशोब होता. बाईंचा चेहरा फुलला.

"हो का! बरं झालं बाई! सांगते हं, आल्या आल्या सांगते!"

पलीकडे एक क्षण नुसती भजी तळली. मग खट्ट झालं आणि लाईन गेली.

"काय म्हणाले? ठीक ना सगळं?" स्मिताने आतून विचारलं. तिने ऐकलं होतं ते एवढंच, बरं झालं बाई.

"ठीक, ठीक. सुधारतायत," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं त्यांना. जाता जाता त्यांनी स्मिताच्या गालाला हातसुद्धा लावला.

हौसेराव घामाघूम होऊन आले, आंब्यांची पेटी दारात टेकवली. बाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, "इंद्रजितचा फोन होता. आक्कांना आज जास्त बरं आहे."

'बरं' हा एक शब्द त्यांनी आपल्या पदरचा घातला. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. वाक्य अर्धवट राहिलंय असं वाटलं म्हणून पुरं केलं. बाईमाणसाने दुसऱ्याच्या पोराचं बटण लावावं, तितक्या सहज.

"जास्त बरं? खरं?" हौसेरावांनी तांब्या तोंडाला लावला नाही, तसाच हातात धरला. "अशी हाय आमची आक्का! मरणालाबी म्हणंल, बस जरा, भाकरी टाकून येती."

आणि मग बाईंनी जे म्हटलं ते त्या नंतर रोज मनात म्हणत राहिल्या. त्या म्हणाल्या, "मग आज नका ना जाऊ. उद्या गॅसवाला येणारे, कनेक्शन जोडायला. किती महिन्यांनी नंबर लागलाय. तुम्ही नसलात की मला कुणाचं बोलणंच कळत नाही. रविवारी जा."

हौसेराव थोडे घुटमळले. पिशवीकडे पाहिलं, आंब्यांकडे पाहिलं. आंबे अजून हिरवट होते. "रविवारपर्यंत पिकतील बी," ते म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून धोतर बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी गॅसवाला आला, शेगडी पेटली, निळी ज्योत बघून बाईंनी टाळी वाजवली. हौसेरावांनी चहा केला, आणि 'आफ्रिकेपेक्षा इथला गॅस जोरात हाय' असं काहीतरी बोलले. तो दिवस असा गेला. चांगला गेला, हेच तर.

त्याच्या पुढच्या सकाळी स्मिताने दार वाजवलं, तेव्हा तिने हाक मारली नाही. नुसती उभी राहिली. "काका, फोन," एवढंच म्हणाली. हौसेराव अंगावर सदरा चढवत गेले. बाई मागे जिन्याच्या कठड्याशी थांबल्या. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं. हौसेराव 'हां, हां' म्हणत होते, मग तेही थांबलं.

ते बाहेर आले. म्हणाले, "आक्का गेली. काल सांजच्याला. उन्हाचं ठेवता येईना, म्हणून रातीच उरकलं." मग म्हणाले, "दिवसभर दाराकडं बघत हुती म्हणं. हौश्या आला का, हौश्या आला का."

बाईंनी त्यांचा हात धरला. "असं कसं झालं हो? परवा तर सुधारल्या होत्या!"

"तेच म्हणतो मी. जास्त बरं हाय, असंच म्हणाला ना इंद्रजित?"

"हो ना. म्हणाला, आईला आज जास्त आहे."

हौसेरावांनी हात सोडवून घेतला.

"काय म्हणाला? पुन्हा सांग. त्याचा शब्द काय हुता?"

"जास्त आहे. आदल्या दिवशी थोडं बरं होतं ना, म्हणून—"

स्मिताच्या तोंडून "अगं आई गं" बाहेर पडलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. राजलक्ष्मीबाई एकदा तिच्याकडे बघत, एकदा नवऱ्याकडे. काय झालं ते कुणी त्यांना सांगेना. हौसेराव जिन्याच्या पायरीवर बसले, जसा माणूस बसत नाही तसे, एकदम. शेवटी स्मितानेच सांगितलं, बाईंच्या खांद्यावर हात ठेवून, खाली बघत. "काकू, पेशंटला 'जास्त आहे' म्हणतात ना, म्हणजे... आजार जास्त आहे. म्हणजे आता काही खरं नाही. लगेच निघा, असा अर्थ असतो त्याचा."

दुकान वाढवलं म्हणजे बंद, हे बाई शिकल्या होत्या. जास्त म्हणजे संपत आलं, हे त्यांना अशा रीतीने शिकवलं गेलं. पहिला फोन आला त्याच रात्री एसटी धरली असती तर सकाळच्या चहाला हौसेराव दारात असते. आक्काला अख्खा दिवस मिळाला असता भावाचा. तो दिवस गॅसच्या शेगडीपुढे टाळ्या वाजवण्यात गेला.

मिळेल त्या एसटीने हौसेराव बायकोला घेऊन गावी निघाले. बाईंनी पाणी पुढे केलं तर घेतलं, खिडकी लावू का विचारलं तर मान हलवली. रागावले असते, हात उगारला असता, तर बाईंनी तो हात धरून डोक्यावर आपटून घेतला असता. पण माणूस रागावलाच नाही तर त्याच्याशी भांडायचं कसं?

दारात पाय ठेवताच आतून बायकांचा हंबरडा उठला. त्या भागातली रीत अशी, की आलेल्या बाईने घरच्या बाईच्या गळ्यात पडायचं आणि गेलेल्या माणसाचे गुण आठवून आठवून मोठ्याने रडायचं. राजलक्ष्मीबाईंना ते ठाऊक नव्हतं. नैरोबीत दुःखाच्या घरी गेलं की हात हातात घेऊन हळूच स्वाहिलीत म्हणायचं, "पोले, पोले सना." त्यात सगळं येतं. इंद्रजितची बायको गोजरा गळ्यात पडायला पुढे आली आणि बाई तिचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. तोंडातून आपसूक तेच निघालं, "पोले, पोले."

"काय म्हनतीया ही?" भिंतीशी बसलेल्या एका म्हातारीने विचारलं.

"पोळी म्हनती," दुसरी म्हणाली. "परवासानं भूक लागली आसंल."

सुतकाच्या घरात, चूल थंड असताना. कुणीतरी तोंडाला पदर लावला. गोजराने हात काढून घेतले.

आणि मग ते घडलं. अंगणात माणसं बसली होती. इंद्रजितने मामाचे पाय धरले, रडला, आणि डोळे पुसून बायकांकडे, थेट मामीकडे बघत बोलला. त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"मामा, मी येळंवर फोन केला हुता. देवाशपथ. मामीला सांगितलं, आईला जास्त हाय म्हणून. तर मामी म्हणाली, बरं झालं."

एका माणसाने तंबाखू थुंकायला तोंड वळवलं होतं, तोही तसाच थांबला. साऱ्या गावाच्या नजरा त्या एका बाईवर. राजाबाईचं मरण जवळ आलेलं ऐकून 'बरं झालं' म्हणणारी भावजय. हिच्यापायीच भाऊ वाशीला राहिला, हिच्यापायीच तो आला नाही. राजलक्ष्मीबाईंना बोलायचं होतं, पण बोलायचं ते कुठल्या शब्दांत? प्रत्येक शब्दाच्या पोटात दुसरा शब्द असणार, असं वाटायला लागलं होतं त्यांना.

हौसेराव उठून उभे राहिले. धोतराची धूळ झाडली.

"इंद्रजित, तिच्यावर राग धरू नगंस," ते म्हणाले. "तुझ्या मामीला मराठी येत न्हाई."

झालं. एका वाक्यात सगळं निवळलं. माणसांचे खांदे सैल झाले, बायका एकमेकींकडे बघून 'अगं बया' म्हणाल्या. परक्या मुलखातली, तिला काय कळतंय. इंद्रजितसुद्धा वरमला, मामीपुढे येऊन वाकला. बाईंची सुटका झाली. नवऱ्याने त्यांना साऱ्या गावापुढे वाचवलं. आणि बाईंना वाटलं, याच्यापेक्षा त्यांनी मला विहिरीत ढकललं असतं तर बरं. परात, पळी, उलथणं यांपासून सुरू झालेला तो अख्खा संसार त्यांनी त्या पाच शब्दांत काढून टाकला होता. वर तो बायकोला वाचवायला काढून टाकला होता, म्हणजे तक्रारीलाही जागा नाही.

नंतर सगळ्याजणी बाईंशी फार चांगल्या वागल्या. गोजराने पाण्याचा पेला पुढे धरून मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं, हिंदीत विचारलं, "मामी, पानी पिवगे?" दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काची रक्षा सावडायला पुरुष गेले, तेव्हा त्या म्हातारीने आपल्या हाताने बाईंना जवळ ओढून बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि शेजारणीला म्हणाली, "गरीब हाय बिचारी. मुकं जनावर जसं." राजलक्ष्मीबाईंना त्यातला शब्दन् शब्द कळला.

दिवसकार्य उरकून दोघं वाशीला परतली. स्मिता येऊन गेली. "काकू, माझीच चूक. मी घ्यायला हवा होता फोन. तुम्ही स्वतःला दोष नका देऊ, प्लीज." हौसेराव तिच्याशी नीट बोलले, चहा पिऊन जा म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी कप उचलून आत नेले आणि स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "मिल्क इज ओव्हर. आय विल ब्रिंग."

बाईंना वाटलं, सहज आलं असेल तोंडात. इतकी वर्षं साहेबाच्या हाताखाली काढलेला माणूस.

पण संध्याकाळी, "डिनर ॲट एट." दुसऱ्या दिवशी, "वॉटर विल कम लेट टुडे." साधी, सुटसुटीत इंग्रजी वाक्यं, वर्कशॉपात नव्या मदतनिसाला सांगावीत तशी. चुकीचा अर्थ लागूच नये अशी. स्वर अगदी सौम्य. बाई मराठीत विचारायच्या, "भाजी कुठली करू?" आणि ते म्हणायचे, "एनी. ॲज यू लाइक." घरात एक म्हणून चूक होत नव्हती. जे मागितलं ते मिळायचं, जे सांगितलं ते कळायचं.

स्मिताने एकदा चेष्टा केली, "काय काका, हल्ली काकूंशी इंग्लिश मारता?" हौसेराव हसले आणि तिला मराठीत म्हणाले, "तिला बरं पडतं गं." बाई तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांच्याविषयी ते असं बोलले, त्या खोलीत नसल्यासारखं.

पावसाळा सरता सरता स्टेशनच्या रस्त्याला एक नवी भाजीवाली बसायला लागली. पुतळा तिचं नाव, साताऱ्याकडच्या माण तालुक्यातली, नवरा मार्केटात माथाडी. तिच्या बोलण्याचा हेल ऐकला आणि हौसेरावांचे पाय तिथेच थबकले. मग रोजच थबकायला लागले. बाई पिशवी धरून मागे उभ्या राहायच्या.

एका संध्याकाळी पुतळाने सहज विचारलं, "दादा, गावाकडं कोन कोन हाय तुमचं?" आणि हौसेराव फुटले. पिंपाची तोटी निसटावी तसे. उकिडवे बसले तिच्या टोपल्यांपुढे आणि सांगायला लागले. आक्काने कसं काखेत घेऊन खुरपलं. ती गेली त्या दिवशी तिने गोजराला भाकरी थापायला लावली, हौश्या येनार, त्याला गरम लागती म्हणून. ती भाकरी फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवली आणि कुणाला हात लावू दिला नाही. चितेवर ठेवताना इंद्रजितने ती तिच्याबरोबर दिली. "मला ते सावडताना कळलं, बाय," हौसेराव म्हणाले. "राखंत हात घालायचा माझा धीर हुईना. म्हणलं, ह्यात माझी भाकरी हाय." आणि रस्त्याच्या कडेला, मेथी-पालकाच्या जुड्यांपुढे, तो म्हातारा माणूस हातात तोंड घालून रडला. पुतळाने डोळ्यांना पदर लावला. "नगा दादा, नगा," म्हणाली.

भाकरीचं हे बाई आज पहिल्यांदा ऐकत होत्या. इतके दिवस एका छताखाली, एका ताटाशी बसून. त्यांच्या हातातली पिशवी कलंडली आणि दोन बटाटे घरंगळत गेले, ते त्यांना दिसलेही नाहीत.

हौसेरावांनी तोंड पुसलं, उठले, मागे वळून म्हणाले, "कम. माइंड द गटर."

घरी येईपर्यंत बाईंनी कळ काढली. दार लागल्यावर मात्र त्यांच्याने राहवेना. त्यांनी पिशवी तिथेच टाकली आणि नवऱ्याच्या सदऱ्याला धरलं, दोन्ही मुठींनी.

"मला सगळं कळलं," त्या म्हणाल्या. "तिला सांगितलंत ते सगळं. एकन् एक शब्द. भाकरीचं, राखेचं. मला का नाही सांगितलंत? माझ्यामुळे गेली तुमची आक्का तुम्हाला न भेटता. मला माहीत आहे, मी मरेपर्यंत विसरणार नाही. मारा मला. सांगा, तू घात केलास म्हणून. शिव्या द्या हो, तुम्हाला येतात तेवढ्या सगळ्या शिव्या द्या. पण मराठीत द्या. तुमच्याशिवाय इथे माझ्याशी कोण बोलणार आहे?"

हौसेरावांचे ओठ हलले. काहीतरी ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं, हे तिला दिसलं. मग त्यांनी तिच्या मुठी एकेक बोट उलगडून सदऱ्यापासून सोडवल्या आणि त्या आपल्या हातात धरल्या.

"आय... ॲम... नॉट... अँग्री," ते म्हणाले. हळू, एकेक शब्द सुटा करून, तिला नीट कळावं म्हणून.